पुरात बुडालेला आमच्या चर्चचा ऑर्गन : सूर खरवडायचे की तसेच ठेवायचे?

कृष्णाकाठची (धागा)

सांगलीत नदीच्या अंगाला आमचं चर्च आहे. कौलारू, लहानसं. नाताळला माणसं वाढली की बाहेर मांडव घालावा लागतो. आत व्यासपीठाच्या डाव्या हाताला पायानं भाता मारायचा एक ऑर्गन आहे. ऑगस्ट २०१९ च्या पुरात आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांवर गेलं होतं, धोक्याची पातळी ४५. तेव्हा चर्चमध्येही पाणी शिरलं आणि हा ऑर्गन तीन दिवस दोन फूट पाण्यात उभा होता. तेव्हापासून बंद आहे. वर चादर, चादरीवर फुलदाण्या.

गेल्या महिन्यात मंडळीच्या बैठकीत तो विकून टाकायचा विषय निघाला. लाकूड चांगलं आहे, जुन्या फर्निचरवाले घेतील, असं कुणीतरी म्हणालं. माझी आई उभी राहिली. तिनं हा ऑर्गन २९ वर्षं वाजवलाय, आता वय ७६. ती एवढंच म्हणाली, "आधी उघडून तर बघा." मग उघडायचं काम माझ्याकडे आलं.

ज्यांनी असा ऑर्गन पाहिला नसेल त्यांच्यासाठी थोडं सांगते. भिंतभर नळ्या असतात तो पाइप ऑर्गन. आमचा तो नव्हे. आपल्या पेटीत असतात तसेच पितळी सूर, म्हणजे पट्टीवर बसवलेल्या, वाऱ्यानं थरथरणाऱ्या पितळी जिभा, याच्यात आहेत, फरक वाऱ्याच्या दिशेचा. पॅरिसच्या अलेक्झांद्र देबँनं १८४२ साली हार्मोनियमचं पेटंट घेतलं. त्यात वारा दाबून सुरातून बाहेर काढतात. आपली हातपेटी त्याच घराण्यातली. अमेरिकेत उलटी पद्धत रुजली. पाय मारला की आतली हवा उपसली जाते आणि बाहेरची हवा सुरातून आत ओढली जाते. म्हणून त्याचा आवाज मऊ, पेटीसारखा कानाला टोचत नाही. बॉस्टनच्या मेसन अँड हॅमलिननं १८६१ पासून असे ऑर्गन विकले. व्हरमाँटच्या एस्टी कंपनीनं तर पाच लाखांच्या वर बनवले. आपल्याकडे कोल्हापूर, सांगली, मिरज हा टापू अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनचा. मिरजेला दवाखाना काढणारे डॉ. वॉनलेस १८८९ मध्ये आधी सांगलीतच उतरले होते. त्यामुळे आमच्याकडे अमेरिकन ऑर्गन असणं साहजिक आहे. कंपनीचं नाव कळांच्या वरच्या फळीवर सोनेरी अक्षरात होतं. आता त्यातली दोन अक्षरंसुद्धा धड लागत नाहीत.

मागची फळी काढली तेव्हा भात्यातला गाळ वाळून त्याच्या वड्या झालेल्या दिसल्या. भात्याचं रबरी कापड घड्यांवर फुटलेलं, बोट लावलं की भुगा. सरसाचे सांधे सुटलेले. पायट्यांचे पट्टे कुजलेले. कळांखालचं फेल्ट उंदरांनी नेलेलं. पण लाकडावर गाळाची जी रेघ उमटली आहे, ती सुरांच्या फळीच्या खाली बरोबर चार बोटांवर थांबली आहे. वर १२२ सूर जागच्या जागी. काहींवर हिरवट कळंक चढलाय, तेवढंच.

आणखी एक गोष्ट. डाव्या भात्याच्या आतल्या अंगाला चामड्याचं तळहाताएवढं ठिगळ आहे, चपलेला घालतात तसल्या मेणदोऱ्याच्या टाक्यांनी शिवलेलं. आईला आठवतं, तिच्या लग्नानंतर दोन वर्षांनी भाता फाटला होता आणि चर्चच्या कोपऱ्यावर बसणाऱ्या चांभारकाकांनी तो शिवून दिला होता. पैसे घेतले नव्हते. पूर येईपर्यंत ते ठिगळ वारा धरून होतं.

मला तीन गोष्टी विचारायच्या आहेत. भात्याला कोणतं कापड घालावं? सांधे कशानं जोडावेत? आणि सूर साफ करताना स्वर बदलू नये म्हणून काय जपावं?

---

मिरजवाला

ताई, आमच्या घरात सतार-तंबोऱ्याचं काम. ऑर्गन आम्ही करत नाही, पण लाकूड आणि सरस दोन्ही रोज हातात असतं, म्हणून लिहितो.

सांधे सरसानेच जोडा. पांढरा सुतारी गोंद मजबूत असतो हे खरं, पण तो एकदा बसला की पुढच्या माणसाला लाकूड फोडल्याशिवाय सांधा उघडता येत नाही. सरसाचा सांधा गरम पाण्याच्या फडक्यानं सुटतो. तंबोऱ्याची तबली, म्हणजे वरची लाकडी पाटी, आम्ही कितीदा तरी काढतो आणि बसवतो, ते सरस असतो म्हणूनच. तुमचे सांधे पुरात सुटले ते एका परीनं बरंच झालं. फळ्या फुटल्या नाहीत, नुसत्या मोकळ्या झाल्या. सरस पाण्यावर ठेवलेल्या भांड्यात गरम करा. थेट आचेवर ठेवला तर करपतो आणि त्याची पकड जाते.

जिथं लाकूड कुजलं असेल तिथं तेवढाच तुकडा कापून तुणीचं लाकूड बसवा. हलकं असतं, वाकत नाही. आम्ही तंबोऱ्याला तेच वापरतो.

घाईनं उन्हात मात्र काही वाळवू नका. गाळ बसलेलं लाकूड सावलीतच वाळलं पाहिजे.

---

सहा_तारा

मी याच मंडळीतला आहे, तरुणांच्या क्वायरमध्ये गिटार वाजवतो. ताईंबद्दल आणि त्यांच्या आईंबद्दल मला फार आदर आहे. लहानपणी मी त्यांच्या शेजारी उभा राहून गीतं म्हटली आहेत. तरीही माझं म्हणणं मांडतो.

दुरुस्तीला पैसे लागतील. पूर २००५ ला आला, २०१९ ला आला, २०२१ ला आला. पुन्हा येईल. कीबोर्ड काखेत धरून वरच्या मजल्यावर नेता येतो, ऑर्गन नेता येत नाही. कीबोर्डमध्ये ऑर्गनचा आवाज असतोच. शिवाय हा ऑर्गन आमच्या वाद्यांशी कधीच जुळत नव्हता. गिटार बरोबर लावलेली असली तरी एकत्र वाजवताना काहीतरी बोचायचं. आम्हाला वाटायचं आमचंच चुकतंय. वाजवायचाच असेल तर निदान सगळे सूर ४४० ला (मधला ए सेकंदाला ४४० कंपनांवर, आजच्या वाद्यांसारखा) आणून घ्या, म्हणजे सगळ्यांना एकत्र वाजवता येईल.

---

सातारकर_परदेशी

मूळ साताऱ्याचा, आता इंग्लंडातल्या एका लहान गावात राहतो. इथल्या पॅरिश चर्चचा पाइप ऑर्गन दुरुस्त झाला तेव्हा दोन वर्षं मी हमालीपासून हिशेबापर्यंत मिळेल ते काम केलं. त्यामुळे हा धागा वाचून लिहिल्याशिवाय राहवलं नाही.

पाइप ऑर्गन दुरुस्त करतात म्हणजे काय, हे मला आधी अजिबात माहीत नव्हतं. पहिले कित्येक आठवडे सूर लागतच नाहीत, नुसत्या नळ्या उतरवायच्या. कथिल आणि शिशाच्या मिश्रधातूच्या नळ्या इतक्या मऊ असतात की नीट आधार न देता आडव्या ठेवल्या तर स्वतःच्या वजनानं दबतात. प्रत्येक नळीवर स्वर कोरलेला असतो. सगळ्यात लांब उघडी नळी ८ फुटांच्या आसपास, तिचा आवाज कानापेक्षा छातीत आधी कळतो. नळ्यांच्या खाली वाऱ्याची पेटी, तिच्यात कळीगणिक एक चामड्यानं मढवलेली झडप. कळ दाबली की लाकडाच्या बारीक पट्ट्यांची साखळी ओढली जाते आणि झडप उघडते. आमच्याकडे खरा बिघाड त्या चामड्यातच होता. शंभर वर्षांत ते चामडं कोरडं पडून भुकटी झालं होतं, आणि कुठलीही कळ न दाबता एक नळी आपोआप बोलत राहायची. नळ्यांना दोष देणारे सगळे चुकले होते.

वाऱ्याचा दाब मोजायला इथं यू आकाराची काचेची नळी आणि पाणी वापरतात. पाणी किती इंच वर चढलं, तो दाब. आमच्याकडे तीन इंच. पाऊणशे मिलिमीटर पाण्याएवढ्या वाऱ्यावर अख्खं चर्च भरतं, हे पाहून मी थक्क झालो होतो. तुमच्या ऑर्गनमध्ये उलट ओढ आहे, पण दाब स्थिर नसेल तर सूरही हलतो हे तिथंही लागू. म्हणून ताई, भाता पूर्ण होईपर्यंत कुठलाही सूर मोजू नका आणि मोजलात तर त्यावर विश्वास ठेवू नका.

आता क्वायरमधल्या मित्रासाठी. तुमचं कान बरोबर सांगत होतं, बोचत होतं ते खरंच. जुन्या ऑर्गनचा स्वर आजच्या ४४० चा असेलच असं नाही. ४४० हा आंतरराष्ट्रीय मेळ १९३९ मध्ये लंडनला ठरला. त्याआधी अमेरिकेतल्या पियानो बनवणाऱ्यांनी १८९१ मध्ये ४३५ घेतला होता. दोन्हींत फरक अर्ध्या स्वराच्या पाचव्या भागाएवढा. एकट्यानं गाताना कुणाला कळणार नाही, पण दोन वाद्यं शेजारी आली की लाटा ऐकू येतात, आवाज कमी-जास्त होत राहतो.

पण सगळे सूर ४४० ला आणण्याची घाई करू नका, एवढं हात जोडून सांगतो. सूर चढवायचा तर पितळी जिभेच्या टोकाकडचा धातू खरवडावा लागतो, उतरवायचा तर मुळाकडचा. धातू एकदा गेला की परत येत नाही. १२२ जिभा खरवडल्या तर प्रत्येक थोडी पातळ होते, तिचा आवाजही बदलतो आणि तुटण्याची भीती वाढते. इंग्लंडात १६४४ साली पार्लमेंटनं चर्चमधले ऑर्गन काढून टाकायचा हुकूम काढला होता आणि त्या काळात कितीतरी जुनी वाद्यं गेली. लोक अजून त्याबद्दल हळहळतात. पण खरवडणाऱ्यांनीही कमी घालवलेली नाहीत.

पुराच्या मुद्द्यावर फिलिपिन्समधल्या लास पिन्यासच्या चर्चचं उदाहरण सांगावंसं वाटतं. तिथं फादर दिएगो सेरा यांनी १८१६ ते १८२४ या काळात ऑर्गन बांधला. त्याच्या १,०३१ नळ्यांपैकी ९०२ बांबूच्या आहेत. कीड लागू नये म्हणून बांबू आधी समुद्राच्या वाळूत पुरून ठेवले होते. भूकंप, वादळं सगळं सोसून तो मोडकळीला आला. १९७३ मध्ये तो जर्मनीत बॉनला क्लाइस कंपनीकडे नेला, १९७५ ला परत आणला. तिथं दुरुस्ती करताना त्यांनी खोलीतली हवा मुद्दाम फिलिपिन्ससारखी उष्ण-दमट ठेवली होती, बांबूंना फरक जाणवू नये म्हणून. वाद्य जिथं राहणार तिथल्या हवेतच त्याची दुरुस्ती व्हावी, हे मला त्यातून पटलं. तुमचा ऑर्गन सांगलीतच दुरुस्त होतोय, हे मला फार योग्य वाटतं.

साताऱ्याचा आहे म्हणून एक आठवण जोडतो. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी १९१७ मध्ये 'देवाचा दरबार' ही ख्रिस्तभक्तांची संगत साताऱ्यातच सुरू केली. त्यांची गीतं अभंगाच्या आणि ओवीच्या वळणाची. माझ्या आजीच्या चर्चमध्ये ती टाळ-मृदंगावरही म्हणत आणि ऑर्गनवरही. लोक ऑर्गनला परका म्हणतात तेव्हा मला आजीचा आवाज आठवतो. तिनं तो कधी परका मानला नाही.

---

कृष्णाकाठची

सातारकर, तुमचा प्रतिसाद मी आईला मोठ्यानं वाचून दाखवला. "अभंगाला ऑर्गन कसा धरायचा ते मला विचार म्हणावं," असं ती म्हणाली. डाव्या हातानं सा-प नुसता धरून ठेवायचा, तंबोऱ्यासारखा, आणि चाल उजव्या हातानं. मिशनच्या मॅडमनी तिला चार स्वरांच्या पट्टीत शिकवलं होतं, अभंगाची ही रीत मात्र तिची तिनं काढलेली.

सहा_तारा, तुझा प्रश्न मी टाळणार नाही. खर्चाचं म्हणशील तर आतापर्यंत कापड, चामडं, फेल्ट आणि सरस एवढंच विकत घ्यावं लागतंय, कष्ट आमचे. पुराचं म्हणणं मात्र बरोबर आहे. व्यासपीठाच्या कठड्यापाशी चार फूट उंचीचा लोखंडी घोडा करून घ्यायचा, पाणी वाढायला लागलं की चार जणांनी ऑर्गन त्यावर उचलायचा, असं पाळकसाहेबांशी बोलले आहे. तुझ्या क्वायरमधले चार हात लागतील.

---

नाट्यपंढरी

धागा सांगलीचा आणि विषय सुरांचा, तर एक नाव यायलाच हवं. कृष्णाजी बल्लाळ देवल. डेप्युटी कलेक्टर म्हणून निवृत्त झालेले हे सांगलीकर गृहस्थ. त्यांनी १९१० मध्ये २२ श्रुतींवर, म्हणजे सप्तकातल्या बारीक स्वरांतरांवर, इंग्रजीत पुस्तक लिहिलं आणि क्लेमेंट्स नावाच्या आयसीएस अधिकाऱ्याबरोबर श्रुती हार्मोनियम बनवून घेतली. अब्दुल करीम खाँसाहेबांच्या गळ्यातले स्वर मोजून त्यांनी ही मांडणी केली. १९१६ च्या बडोद्याच्या संगीत परिषदेत तिच्यावर खूप वाद झाला. पुढे १९४० ते १९७१ आकाशवाणीवर हार्मोनियमला बंदी होती, ती याच आक्षेपावरून: बांधलेल्या सुरात आपला गाणारा गळा बसत नाही.

म्हणजे सांगलीत पितळी सूर कुठे लावायचा यावर शंभर वर्षांपूर्वीही माणसं झुरली आहेत. आमच्या नाट्यसंगीतात पायाचा ऑर्गन इतका मुरलाय की त्याच्याशिवाय जुनं पद मला अर्धं वाटतं. तुमचा ऑर्गन वाजला की मला कळवा. मी चर्चमध्ये कधी आलो नाही, पण ऐकायला येईन.

---

कृष्णाकाठची

सात आठवड्यांनी लिहिते आहे. बरंच झालं.

गाळ खरवडून काढला, फळ्या दीड महिना सावलीत वाळवल्या. मिरजवाल्या काकांच्या सांगण्याप्रमाणे सरस लावला. रबर लावलेलं सुती कापड मुंबईहून आलं. झडपांचं चामडं मिरजेत मिळालं. चामड्याचं जुनं ठिगळ परत लावता आलं नाही, कारण त्याच्या खालची फळीच कुजली होती. ते एका पाकिटात घालून आतल्या भिंतीला खिळ्यानं लावलंय. सोबत एक कागद, कुणी शिवलं, कधी काढलं, आता काय काय बदललं ते लिहिलेला. पुढे जो उघडेल त्याला कळेल.

भात्याची परीक्षा अशी घेतली. पाय मारून भाता पूर्ण मिटवायचा, पाय सोडायचे आणि तो उघडेपर्यंत आकडे मोजायचे. पहिल्या दिवशी सहा. कोपऱ्यातली एक बारीक फट सापडल्यावर सोळा. दुसऱ्या झडपेचं चामडं उलटं बसवलेलं सापडलं, माझीच चूक, तेव्हा एकदम एक्केचाळीस. त्या दिवशी मी चर्चमध्ये एकटीच होते. सुटे सूर तपासायला घरचा व्हॅक्यूम क्लीनर लावला होता, त्याची नळी बाजूला मुद्दाम सैल ठेवून, म्हणजे ओढ जास्त होऊ नये.

सूर एकेक करून हुकानं ओढून काढले आणि फळीवर क्रमानं मांडले. कुठलंही पॉलिश, लिंबू, चिंच काही लावलं नाही. कोरडा मऊ ब्रश, आणि जिभेखाली अडकलेली माती कागदाच्या पट्टीनं. कळंक निघाला तेवढा निघाला.

भाता स्थिर झाल्यावर मोजलं. मधला ए ४३५, इकडे तिकडे थोडासा. सातारकर म्हणाले तेच निघालं. बहुतेक सगळे सूर एकमेकांशी अजून जुळलेले आहेत. एवढी वर्षं, एवढा पूर, आणि आपापसात जुळलेले. हे बघून मी ठरवलं की कुठल्याही सुराला कानस लावायची नाही.

---

सहा_तारा

बैठकीत जे झालं ते मीच लिहितो, कारण आधी विरोध मी केला होता.

ताईंनी विचारलं, "कीबोर्ड खाली आणता येतो का?" मला माहीत होतं आणि तरी कधी सुचलं नव्हतं. बहुतेक कीबोर्डमध्ये मूळ स्वर बदलायची सोय असते. ४३५ ला लावायला अर्धा मिनिट लागला. गिटार तर कानानंच लावायची. आम्ही ऑर्गनशेजारी बसलो, मी ए ची तार सैल केली, काकूंनी कळ धरून ठेवली. लाटा हळूहळू लांब होत गेल्या आणि थांबल्या. इतकी वर्षं बोचत होतं ते दोन मिनिटांत गेलं.

रविवारी दोन गीतं एकत्र केली. काकूंचे पाय दुखतात म्हणून एका गीताला त्यांच्या पायट्यांवर माझ्या बहिणीचे पाय होते, कळांवर काकूंची बोटं. पुढच्या महिन्यापासून बहीण शिकायला जाणार आहे. लोखंडी घोड्यासाठी चार जणांची नावं मी दिली आहेत, पाचवं माझं.

---

कृष्णाकाठची

एक अडचण उरली आहे. खालच्या सप्तकातला जी बोलत नाही. सूर काढून उन्हात धरला तर जिभेच्या मुळाशी केसाएवढा तडा दिसतो. हा पूर्वीचाच असावा, आईच्या म्हणण्याप्रमाणे तो स्वर आधीपासून जरा खरखरीत होता. बदली सूर कुठे मिळेल? गुजरातमधल्या पालिताण्याहून पेटीचे सूर येतात हे माहीत आहे, पण याची पट्टी लांब आहे आणि खाचही वेगळी.

---

मिरजवाला

पालिताण्याचा तयार सूर त्या खाचेत बसणार नाही. पण जुनी पितळी पट्टी तशीच ठेवून फक्त जीभ नवी रिव्हेटनं बसवता येते. माझ्या ओळखीचे पेटीवाले हे काम करतात. जुनी जीभ फेकू नका, तिची जाडी पाहूनच नवी घासावी लागेल. शेजारचे एफ आणि ए पण सोबत आणा, म्हणजे आवाजाचा पोत जुळवता येईल. शनिवारी दुपारी दुकानात आहे.

---

कृष्णाकाठची

शनिवारी येते, तिन्ही सूर वेगवेगळ्या काड्यापेट्यांत घालून. आईपण येणार म्हणतेय, नवा जी तिला स्वतः ऐकून घ्यायचाय.